आकाशातील आघात आणि जिल्ह्याचा बंदोबस्त

हैदराबाद राज्याच्या जुन्या बिदर जिल्ह्याचे १९५६ साली तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्राच्या पदरात पडले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद व बसवकल्याण हा मुलूख म्हैसूर राज्यात राहिला. या वाटणीतून निर्माण झालेल्या सरहद्दीविषयी मराठी वृत्तपत्रांत आजवर इतके लिहिले गेले आहे, आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित असल्यामुळे यापुढेही इतके लिहिले जाणार आहे, की याच मुलखाच्या अंगाने जाणारी आणखी एक सरहद्द कधी काळी होती आणि ती एका दिवसात नाहीशी झाली, याची बहुतेकांना वार्ताही नाही. ती सरहद्द विजेची होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिण भारताचे विद्युत्-जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकाच वारंवारतेत गुंफले गेले. तोवर दक्षिणेकडील राज्ये विजेच्या दृष्टीने एक निराळे संस्थानच होती. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात आणि त्याचे पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करून वीज अलीकडून पलीकडे नेता येई, परंतु एका बाजूचा हादरा दुसऱ्या बाजूस पोचत नसे.

या अलगपणाचे मोल काय होते, ते २०१२ च्या जुलैअखेरीस दिसून आले. ३० तारखेला पहाटेपूर्वी उत्तर भारत काळोखात गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी कोसळून सुमारे ६२ कोटी लोकांच्या मुलखातील वीज एकदम गेली. रेल्वेगाड्या रुळांवर थांबल्या आणि कोळशाच्या खाणींत माणसे अडकली. बिदर-कलबुर्गीच्या लोकांनी ही वार्ता नेहमीचे भारनियमन सोसत वर्तमानपत्रात वाचली, इतकेच. आज तसे घडल्यास ते केवळ वाचकच राहतील याची हमी कोणी देणार नाही. दक्षिणेची जोडणी चुकीची होती असे यावरून कोणी समजू नये. दक्षिणेला विजेची टंचाई होती, उत्तरेकडे स्वस्त वीज पडून होती, आणि अखंड देशाचे एकच जाळे ही आपल्या अभियंत्यांची असामान्य कामगिरी आहे. परंतु सुक्याबरोबर ओले जळण्याची सोयही त्याच जोडणीने करून ठेवली, आणि ज्या सरहद्दीवरील जिल्ह्यांतून ही गाठ मारली गेली, त्यांनी तरी या दुसऱ्या बाजूचा विचार केला पाहिजे.

हा विचार करण्यास निमित्त असे, की विद्युत्-चुंबकीय आघाताची, ज्याला व्यवहारात ‘ईएमपी’ म्हणतात त्याची, चर्चा अलीकडे आपल्याकडेही सैन्यविषयक लिखाणातून निघून सामान्य वाचकाच्या कानावर पडू लागली आहे, आणि ती एक तर अतिशयोक्तीने भरलेली असते किंवा उपहासाने. वस्तुस्थिती अशी आहे: शंभर किलोमीटरपेक्षा अधिक उंचीवर अण्वस्त्राचा स्फोट केला, तर खाली जमिनीवर ना ज्वाला पोचते, ना वारा, ना किरणोत्सर्गी धूळ, परंतु त्या स्फोटातील गॅमा किरण वातावरणाच्या वरच्या थरातील हवेच्या रेणूंवर आदळून त्यांतील इलेक्ट्रॉन उडवून लावतात, ते इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडून वळण घेतात, आणि त्यांच्या या वळणातून जो विद्युत्-चुंबकीय झटका उत्पन्न होतो, तो क्षितिजापर्यंत नजरेच्या टप्प्यात येणाऱ्या साऱ्या प्रदेशावर एकाच क्षणी कोसळतो. शंभर किलोमीटर उंचीवरून हा टप्पा सर्व दिशांना हजार-अकराशे किलोमीटर जातो. नागपुरावर स्फोट झाल्यास बिदर, सोलापूर, भोपाळ, हैदराबाद सारे त्याच छायेत येतात. या आघाताची तीन अंगे आहेत. पहिले इतके क्षणिक, की सेकंदाच्या अब्जांश भागांत ते होऊन जाते, आणि म्हणूनच नेहमीच्या तडितरोधकाला जागे होण्याइतकाही अवसर ते देत नाही; संगणक, मोबाइल मनोरे आणि विद्युत्-उपकेंद्रांतील सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारे रिले यांचा शत्रू तो हाच. दुसरे अंग साध्या विजेसारखे, त्याची तजवीज आपल्याकडे बरीचशी आहे. तिसरे मंद, काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत रेंगाळणारे, जे शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांत जवळजवळ एकदिश असा प्रवाह घुसवते. हा प्रवाह मोठ्या रोहित्रांच्या लोखंडी गाभ्याला चुंबकत्वाने इतका तुंबवून टाकतो की तो तापतो, तेल उकळते, आणि रोहित्र निकामी होऊ शकते.

हे सारे केवळ गणित नव्हे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १·४ मेगाटनचा स्फोट केला, तेव्हा जवळजवळ चौदाशे किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यांवरचे शेकडो दिवे विझले, चोरांची चाहूल देणाऱ्या घंटा आपोआप वाजू लागल्या आणि एका बेटाचा दुसऱ्याशी चालणारा दूरध्वनी बंद पडला. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर असाच प्रयोग केला. साडेपाचशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या दूरध्वनीच्या तारेवरील सारे फ्यूज जळाले, जमिनीखाली पुरलेल्या वीजवाहिनीलाही झळ पोचली, आणि कारागांडा येथील वीजकेंद्रास आग लागली. तारीख लक्षात घ्यावी. २० ऑक्टोबरला चिनी सैन्य नेफा आणि लडाखमध्ये उतरले होते. आपल्याकडील घराघरांत रेडिओभोवती माणसे तवांगच्या बातम्यांसाठी बसलेली असताना, पामीरच्या पलीकडच्या आकाशात आपल्या युगाचे हे दुसरे संकट गुपचूप पारखले जात होते, आणि त्याची कुणकुणही आपल्याला लागण्यास तीन दशके जावी लागली.

परंतु या संकटाचा एक भाग शत्रूवाचूनही येतो, आणि त्याची सर्वांत मौल्यवान साक्ष महाराष्ट्राच्या दफ्तरात आहे. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावर एक प्रचंड उद्रेक झाला, युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांतून ठिणग्या निघाल्या आणि काही ठिकाणी बॅटरी काढून टाकली तरी तारा चालत राहिल्या. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील निरीक्षकांनी २ सप्टेंबर रोजी चुंबकीय सुईची जी नोंद केली, तीत क्षेत्राची घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी भरली. विषुववृत्ताच्या इतक्या जवळची, इतक्या मोठ्या वादळाची अशी दुसरी नोंद जगात नाही. ही पाने जवळजवळ दीडशे वर्षे जतन झाली म्हणून २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्यांचा अभ्यास करून त्या वादळाचा जोर नव्याने मांडला. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या तारांतील प्रवाहाने चुंबकीय वेध बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे हे अंग ट्राम धावू लागण्यापूर्वीच १९०४ साली अलिबागला हलवण्यात आले, आणि तेथे ते अजून चालू आहे. संकट दारात येण्यापूर्वी त्याची जागा सोडून देण्याचा इतका शांत आणि इतका समंजस निर्णय आपल्या सार्वजनिक जीवनात मला फार आढळलेला नाही. १८७२ च्या फेब्रुवारीत तर मुंबईच्या आकाशातच ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. आपण विषुववृत्ताजवळ राहतो म्हणून सूर्याच्या तडाख्यातून सर्वस्वी सुटलो, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही, जरी कॅनडासारख्या उत्तरेकडील देशांच्या मानाने आपल्याला धोका पुष्कळ कमी आहे हे खरे. १३ मार्च १९८९ रोजी क्यूबेक प्रांताचे जाळे अशाच सौर वादळाने दीड मिनिटात कोलमडले आणि साठ लाख लोक नऊ तास विजेवाचून राहिले. आज सूर्यावर नजर ठेवण्यासाठी आपले आदित्य-एल१ यान अवकाशात आहे, त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात सिद्ध झाली आहे. सौर वादळाची सूचना काही तास, क्वचित एखादा दिवस आधी मिळू शकेल. अण्वस्त्राच्या आघाताची सूचना मिळत नसते.

येथे संशयी वाचकाची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. अमेरिकेत या विषयावर २००१ पासून संसदेने नेमलेला एक आयोग बरीच वर्षे काम करीत होता. त्याच्या आधाराने, विजेवाचून वर्षभरात देशातील बहुतांश लोक मरतील, अशी विधाने झाली, आणि ती ऐकून भीती वाटण्याऐवजी शंका येते. त्याच आयोगाने ३७ मोटारी झटक्यासमोर ठेवून पाहिल्या, तेव्हा बहुतेकींना काही झाले नाही, काही चालत्या गाड्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. २०१९ मध्ये तेथील विद्युत् संशोधन संस्थेने असा निष्कर्ष काढला की एका स्फोटाने अनेक राज्यांच्या टापूतील वीज जाऊ शकते, परंतु सारा देश महिनोन्‌महिने अंधारात बुडण्याची शक्यता दिसत नाही, आणि पहिल्या क्षणिक झटक्यापासून यंत्रे वाचवली तर पुनर्स्थापना इतर मोठ्या बिघाडांसारखीच होईल. शिवाय शत्रू असे का करील, हा प्रश्न उरतोच. ४ जानेवारी २००३ रोजी आपण जाहीर केलेल्या धोरणाप्रमाणे भारतीय भूमीवर किंवा भारतीय सैन्यावर अण्वस्त्रहल्ला झाला तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. मात्र माणूस न मारणारा, भूमीला स्पर्श न करणारा, अवकाशात झालेला स्फोट हा ‘भूमीवरील’ हल्ला धरावयाचा की नाही, हा प्रश्न कायद्याच्या विद्यार्थ्याला खुशाल रंजक वाटो. संरक्षण खात्याला तो रंजक वाटून चालणार नाही.

माझे म्हणणे या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. आघात शत्रूचा, सूर्याचा की एखाद्या दमलेल्या अभियंत्याच्या चुकीचा, हे ठरवण्यास पुष्कळदा महिने लागतात, आणि कधी कधी ते ठरतच नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, करोनाच्या ऐन दिवसांत रुग्णालये जनित्रांवर आली. मुंबईला संकटकाळी उर्वरित जाळ्यापासून तोडून आपल्यापुरती वीज देण्याची जी जुनी आणि नावाजलेली योजना होती, ती त्या दिवशी उपयोगी पडली नाही. पुढील वर्षी परदेशी संस्थेने चिनी संगणक-घुसखोरीचा संशय व्यक्त केला, राज्याच्या गृहमंत्र्यांनी तो उचलून धरला, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हेच कारण सांगितले. त्याच आठवड्यात, मुंबई पूर्वपदावर येते न येते तोच, उजनी धरणातून सोडलेले पाणी भीमेला येऊन अफजलपूर, जेवर्गी, चित्तापूर भागांतील गावे पाण्याखाली गेली, आणि तेथे वीज कशाने गेली याविषयी कोणालाही चौकशी आयोगाची गरज भासली नाही. दोन्ही ठिकाणी लोकांना त्या वेळी हवे होते ते एकच: पिण्याचे पाणी, दवाखान्यात दिवा, आणि काय घडले हे सांगणारा कोणी.

या तीन गोष्टींच्या कसोटीवर बिदर आणि कलबुर्गी हे आमचे जिल्हे पाहू. बिदर शहर जांभ्या दगडाच्या उंच पठारावर वसले आहे आणि त्याचे पाणी खालून, मांजरा आणि कारंजा यांच्या बाजूने, पंपांनी चढवावे लागते. कलबुर्गीची तहान भीमा आणि बेण्णेतोरा भागवतात, तीही पंपांनीच. गंमत अशी की याच बिदरजवळ, नौबादेत, बहमनी काळातील भूमिगत जलवाहिनी आहे, जिला लोक ‘करेझ’ किंवा ‘सुरंग बावी’ म्हणतात. खडकातून खोदलेल्या या बोगद्यातून पाणी केवळ उताराने वाहते आणि गेली पाच शतके त्याने कोणाकडे विजेची मागणी केलेली नाही. अलीकडे तिची साफसफाई झाली, पर्यटकांना दाखवण्याजोगी ती झाली. तिच्या पाण्यावर शहर चालेल असे कोणी म्हणणार नाही, परंतु शहराच्या आपत्ती-आराखड्यात तिला पर्यटनस्थळापलीकडे काही स्थान असावे, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

मोठ्या रोहित्रांचा प्रश्न समजण्यास खेड्यातील माणसाला पुस्तक वाचावे लागत नाही. डीपी जळणे म्हणजे काय ते त्याला ठाऊक आहे: भर उन्हात रानात धाडकन आवाज होतो, खांबावरून काळ्या तेलाचे ओघळ येतात, करपट वास बांधापर्यंत पोचतो, मग अर्ज, मग लाइनमनची विनवणी, मग वर्गणी काढून ट्रॅक्टरमधून जळकी डीपी नेणे आणि दुरुस्त आणणे, आणि तोवर उसाची पाने दररोज थोडी अधिक वळत जाणे. ही कथा एका लहानशा डीपीची, जी जिल्ह्यात कोठेतरी सुटी मिळते. ७६५ किलोव्होल्टच्या उपकेंद्रातील रोहित्र दोनशे टनांहून जड असते, ते मागणीप्रमाणे बनवावे लागते, बनण्यास वर्षभर किंवा अधिक काळ लागतो, आणि ते आणण्यासाठी बहुचाकी वाहन आणि बळकट केलेले पूल लागतात. अशी चार-सहा एकदम गेली, तर वर्गणी काढून भागणार नाही. म्हणून राष्ट्रीय पातळीवर सुट्या रोहित्रांचा साठा, नव्या उपकेंद्रांत धातूच्या आवरणाने झाकलेल्या नियंत्रण-खोल्या, आणि जुने विद्युत्-यांत्रिक रिले काढून त्यांच्या जागी बसवलेल्या संगणकीय रिलेंचे सुटे संच धातूच्या घट्ट पेटीत राखून ठेवणे, ही दिल्लीची कामे आहेत. ती दिल्लीने करावीत. २०१४ पासून महत्त्वाच्या माहिती-यंत्रणांच्या रक्षणासाठी एक राष्ट्रीय केंद्र आहे, २०२१ पासून वीजक्षेत्राच्या संगणक-सुरक्षेचे नियमही आहेत. परंतु संगणकाच्या कुलपाने आकाशातील झटका अडत नाही, हे त्या नियमांच्या कौतुकात विसरले जाते.

जिल्ह्याची कामे निराळी, आणि ती दिल्लीवाचून होण्यासारखी आहेत. त्यांतील पहिले दफ्तराचे. कर्नाटकाने २००० सालच्या सुमारास ‘भूमी’ योजनेत सुमारे दोन कोटी पहाण्या, म्हणजे जमिनीचे उतारे, संगणकावर चढवल्या आणि हस्तलिखित पहाणीची मान्यता काढून घेतली. तलाठ्याच्या चुकीच्या नोंदींना आणि चिरीमिरीला आळा बसला, हे या योजनेचे पुण्य खरेच मोठे आहे. परंतु या भागातील जमिनीच्या हक्काचे मूळ शोधीत गेले, की वाट १९५४-५५ च्या खासरा पहाणीशी आणि त्याही मागे निजामी अमदानीतील उर्दू सेतवारांशी येऊन पोचते. त्या वह्या तहसिलीच्या रुमालांत बांधलेल्या आहेत. जुनी दफ्तरे छायाप्रतींत उतरवण्याची मोहीम राज्याने घेतली आहे, ती स्तुत्य आहे. मात्र छायाप्रत झाली म्हणून मूळ रुमाल वाळवीच्या हवाली झाला, तर एका झटक्याने केवळ वीजच नव्हे तर मालकीही अंधारात जाईल. या नोंदी वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूंना झटक्याचे भय नसते, त्यांच्या दोन टोकांच्या यंत्रांना असते. आणि आमची दोन्ही टोके बंगळुरात व तालुक्यात आहेत. प्रत्येक गावाच्या पहाणीची एक छापील, रुजू केलेली नक्कल दरवर्षी तालुक्याच्या कोठीत ठेवण्यास किती कागद लागेल? २०२४ च्या जुलैत एका संगणक-प्रणालीच्या बिघाडाने हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली आणि देश हसला. रेशनच्या दुकानी ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून अंगठा घेऊन उभी असलेली म्हातारी कोणाच्या छायाचित्रात आली नाही.

बिदरच्या महमूद गवानच्या मदरशाकडे मी याच संदर्भात पाहतो. १४७२ च्या सुमाराचे हे विद्यापीठ. औरंगजेबाच्या काळात त्यात फौजेचा तळ पडला आणि दारूगोळा साठवला गेला, १६९६ च्या सुमारास स्फोट झाला, आणि दर्शनी भागाचा मोठा अंश व एक मिनार कायमचा गेला. तो स्फोट वीज पडून झाला, असे सांगतात. वीज कोठे पडावी हे कोणाच्या हाती नव्हते. दारू मदरशात ठेवावी हा हुकूम मात्र कोण्या अमलदाराने दिलेला होता.

पाण्यासाठी माझ्या डोळ्यांसमोर एक यंत्र आहे, जे अजून कित्येक शेतांच्या कोपऱ्यांत पत्र्याखाली गंजत पडले आहे: एका सिलिंडरचे, हाताने सुरू होणारे डिझेल इंजिन. दाब सोडण्याची खीळ उचलायची, हँडल घालून जड चाक फिरवायचे, चाकाने वेग धरला की खीळ सोडायची आणि हँडल झटकन काढून घ्यायचे, नाहीतर मनगट जायचे. मग पहिला धक्का, काळ्या धुराचे एक वलय, आणि नंतर दिवसभर एकाच ठेक्यात चालणारा आवाज. त्यात ना सूक्ष्मप्रक्रियक, ना संवेदक. कोणत्याही झटक्याला त्यात बिघडवण्यासारखे काही सापडणार नाही. १९७६ साली एक सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानात उतरला, तेव्हा त्या विमानात जुन्या काचेच्या नळ्या पाहून पाश्चात्त्य तज्ज्ञ प्रथम हसले आणि नंतर गंभीर झाले, कारण अशा नळ्या झटका सोसतात. बिदरच्या हवाई तळावरून रोज सकाळी उडणाऱ्या हॉक विमानांचा आवाज ऐकताना मला ती गोष्ट आठवते आणि त्याबरोबर शेतातले ते इंजिनही. तळाच्या रक्षणाची काळजी वायुसेना घेत असणारच. गावच्या पाणीयोजनेला जोडता येईल असे एक इंजिन, त्याला डिझेलचे दोन पिंप, आणि ते चालवू शकणारी दोन माणसे, ही काळजी ग्रामपंचायतीची आहे. आणि हँडल मारता येणारी माणसे बहुतेक साठीच्या पुढची आहेत, याचाही हिशेब करावा लागेल.

दवाखान्यासाठी मात्र इंजिनाहून मोठी वस्तू या जिल्ह्यांत आहे. बिदर आणि कलबुर्गीतील साखर कारखाने गाळप हंगामात उसाच्या भुशावर वीज निर्माण करतात, स्वतःचे यंत्र चालवून उरलेली जाळ्यात सोडतात. जाळे गेले की ती सोडता येत नाही. कारखान्यापासून जवळच्या तालुका रुग्णालयापर्यंत आणि पाणीपुरवठ्याच्या पंपापर्यंत एक स्वतंत्र वाहिनी, आणि बिघाडाच्या वेळी त्या तुकड्याला मोठ्या जाळ्यापासून आपोआप तोडणारी व्यवस्था, ही मुंबईसारख्या महानगराची ऐट नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्युत् शाखेचे विद्यार्थी तिचा आराखडा काढू शकतात. हंगाम नसलेल्या महिन्यांसाठी सूर्यपटल आणि बॅटरी आहेत, फक्त त्यांचे रूपांतरक झटक्यापासून सुरक्षित खोलीत हवेत.

बातमीसाठी रेडिओ. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांची वीज भर दुपारी एकाएकी गेली, तेव्हा माद्रिदमधील लोकांनी दुकानांतील बॅटरीवर चालणारे रेडिओ धडाधड विकत घेतले. १९९३ च्या किल्लारी भूकंपात, ज्याने आमच्याही घरांच्या भिंतींना तडे गेले, हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचवले होते. कलबुर्गीच्या आकाशवाणीच्या मध्यम लहरी आमच्या खेड्यांत अजून ऐकू येतात; मध्यम लहरींची प्रक्षेपणकेंद्रे देशभर एकामागून एक बंद करण्याचा जो शिरस्ता चालू आहे, तो या जिल्ह्यांपुरता तरी थांबवावा.

पैशाचे कारण सांगितले जाईल. ते या भागात टिकणारे नाही. राज्यघटनेच्या ३७१ (जे) कलमान्वये कल्याण-कर्नाटकासाठी स्वतंत्र विकास मंडळ कलबुर्गीत आहे आणि त्याच्या वाट्याला दरवर्षी मोठी रक्कम येते. कमानी, चौक-सुशोभन आणि सभागृहे यांच्या बरोबरीने त्यातून एका ओळीची तरतूद ‘विजेवाचून चोवीस तास’ या शीर्षकाखाली करावी. त्या ओळीवर वर्षातून एक दिवस प्रत्येक तालुक्याने तालीम घ्यावी: तहसिलीत कामकाज हाताने, रेशन वहीवर, पाणी इंजिनावर, रुग्णालय कारखान्याच्या विजेवर, निरोप रेडिओवर. उन्हाळ्यात ही तालीम नको, टँकरच्या गर्दीत तिचा बोजवारा उडेल, पेरणीतही नको. पौषात, तुरीची रास झाल्यावर आणि कारखान्यांची धुराडी चालू असताना ती घ्यावी. जाळे सामाईक असल्यामुळे सोलापूर, लातूर आणि धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही त्याच तारखेचे पत्र जावे, म्हणजे त्यांच्या बाजूचे उपकेंद्रही त्याच दिवशी तपासले जाईल. आणि ते पत्र मराठीत असावे की कन्नडात, असा वाद निघाला, तर खुशाल इंग्रजीत लिहावे, पण तालमीच्या निदान महिनाभर आधी टपालात पडावे.